परतीचा कागद

कागद परत येण्याचं प्रमाण शंभरात शहाण्णववर गेलं, त्या सोमवारी कुंतिनाथ हेरवाड्यांनी सगळ्या कारखान्याला कंदी पेढे वाटले. छपाईवाल्यांना, पाकिटं चिकटवणाऱ्या बायकांना, फाटकावरच्या वॉचमनलासुद्धा. रेवती कुरण्यांच्या टेबलावर त्यांनी स्वतःच्या हातानं दोन पेढे ठेवले आणि म्हणाले, "एक तुमचा, एक चारशे एकोणीसचा."

रेवती हसली. 'हेरवाडे हरितपत्र'मध्ये चारशे एकोणीस कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. तो एक वाचक होता. कुठल्या गावचा, बाई की बुवा, काही माहीत नाही. कायद्यानं नावं झाकलेली असत, दिसत ते नुसते आकडे. एकतीस पत्रं गेली होती त्याला. एकतीसच्या एकतीस त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती आणि संध्याकाळच्या आत परतपेटीत टाकली होती. असा वाचक कुपवाडच्या त्या कारखान्यानं आजवर पाहिला नव्हता.

हे नीट कळायला थोडं मागचं सांगायला हवं.

रेवती तिशीत होती तेव्हा जाहिरातीची पत्रं जवळजवळ मेली होती. सगळं फोनवर आलं होतं. मग यंत्रं माणसांचे आवाज काढायला शिकली. आईच्या आवाजात, मुलाच्या आवाजात फोन येऊ लागले, गावंच्या गावं फसली, आणि सरकारनं एका फटक्यात न मागितलेले फोन आणि निरोप बंद करून टाकले. दुकानदारांना, कंपन्यांना गिऱ्हाइकापर्यंत पोचायला वाट उरली एकच, कागदाची. पण झाडं आणि नद्या आधीच टेकीला आलेल्या. म्हणून कागदाला अट पडली. जेवढा घरात जाईल, तेवढा आठ दिवसांत कागदाच्या गिरणीत परत आला पाहिजे. शंभरात नव्वदच्या खाली आलात की परवाना रद्द.

हेरवाड्यांनी ती अट मनापासून पाळली, हे मान्य करायला हवं. पाकिटाची प्लॅस्टिकची खिडकी गेली, चकचकीत लेप गेला. कागद उसाच्या चिपाडाचा, शाई पाण्यात विरघळणारी. पत्त्यांच्या याद्या दर आठवड्याला तपासायच्या, म्हणजे मेलेल्या माणसाला किंवा एकाच घरात दोनदा पत्र जायला नको. गावोगावच्या जिन्यांखाली हिरव्या परतपेट्या बसवल्या, पोस्टमन येता-जाता त्या रिकाम्या करी. पंधरा वर्षांपूर्वी गिरणीच्या नाल्यापाशी कृष्णेवर फेस असायचा आणि मासे पोट वर करून तरंगायचे. आता तिथे मुलं पोहत.

अडचण होती ती धाग्यांची. कागद शिजवून पुन्हा कागद केला की त्यातले धागे दर खेपेला आखूड होतात. सहा-सात जन्मांनंतर त्यांचा नुसता चिखल. कुठल्या कागदाचे किती जन्म झाले हे कळावं म्हणून मिरजेच्या एका प्रयोगशाळेनं लगद्यात मिसळायला कार्बनचा एक तंतू शोधला, केसाहून कितीतरी बारीक. कागद जिथे दुमडला जाईल, जिथे ओल लागेल, जिथे ऊब लागेल, तिथे त्या तंतूतून वीज वाहण्याची रीत कायमची बदले. गिरणीत शिजण्याआधी प्रत्येक कागद एका पट्टीखालून जाई आणि त्याची सगळी कुंडली वाचली जाई. किती घड्या पडल्या, किती तेल, किती घाम.

घामाशी येऊन गोष्ट वेगळ्या वळणाला लागली. माणूस पत्र वाचतो तेव्हा त्याचा अंगठा कडेनं खाली खाली सरकत जातो. एखाद्या ओळीवर मन अडलं की अंगठाही अडतो, आणि तिथे ओल वाढते. म्हणजे परत आलेला कागद नुसता कागद नव्हता. कुणी काय वाचलं, किती वाचलं आणि कुठे अडलं, ते सगळं त्यात होतं. मग ही माहिती पत्रं लिहिणाऱ्या यंत्राला द्यायला कितीसा वेळ? कारखान्यात त्या यंत्राला 'लेखनिक' म्हणत.

लेखनिकाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. पत्र पूर्ण वाचलं जावं, आणि ते लवकर परत यावं. या दोन्ही एकदम जमायला सोप्या नव्हत्या. आवडलेलं पत्र लोक ठेवून घेत, कॅलेंडरमागे खोचत, डब्यात जपत. न आवडलेलं लगेच परत येई, पण न वाचता. लेखनिक दोन वर्षं चाचपडत होता आणि मग त्याला सापडलं. जे वाचल्यावाचून राहवत नाही आणि वाचल्यावर घरात ठेववत नाही, असं पत्र.

एका दंतवैद्याच्या जाहिरातीत त्यानं लिहिलं, 'फोटोत तुम्ही तोंड मिटून का हसता?' कुकरच्या कंपनीसाठी लिहिलं, 'चार माणसांचा कुकर घ्यायचा की एकाचा? मुलगा शेवटचा कधी जेवला तुमच्याकडे?' शिव्या नाहीत, खोटं नाही, कायद्यात न बसणारा एक शब्द नाही. पण ज्याच्या त्याच्या दुखऱ्या जागी नेमकं बोट. त्याला माणसाचं दुःख कळत होतं असं नव्हे. कुठल्या शब्दावर अंगठा ओला होतो एवढंच त्याला कळत होतं, आणि पुढच्या पत्रात तो त्याच शब्दाच्या आणखी जवळ जाई.

कायद्यानुसार प्रत्येक गठ्ठ्यातली पहिली वीस पत्रं माणसानं वाचून मंजूर करायची, मग तोच शिक्का सगळ्या गठ्ठ्यावर उमटे. ते काम परतावा विभागाच्या प्रमुखाचं, म्हणजे रेवतीचं. पहिल्या पहिल्यांदा ती थबकली होती. एकदा हेरवाड्यांना म्हणालीही, "हे जरा लागेल हो लोकांना."

"लागतं म्हणून तर वाचतात," ते म्हणाले. "अन् परत देतात. नदीकडं बघा बाई."

तिनं नदीकडं पाहिलं. पुढे पुढे तर एखादी ओळ जमून गेली की तिला कसब वाटे, शेजारच्या टेबलाला वाचून दाखवी.

तर त्या सोमवारी पेढा देऊन झाल्यावर हेरवाडे म्हणाले, "चारशे एकोणीसमध्ये एकच खोट आहे. कागदावर पेनानं काहीबाही लिहितो. बॉलपेनची शाई विरघळत नाही, लगद्यात निळे ठिपके येतात. डागांचे फोटो बघा आणि एक गोड चिठ्ठी धाडा. लिहू नका म्हणावं."

दुपारच्या जेवणाआधी रेवतीनं डागांचे फोटो उघडले. कानाच्या यंत्राची जाहिरात होती. वर तिनं श्रावणात मंजूर केलेली ओळ ठळक अक्षरात होती, 'अहो, ऐकलंत का? की याही वेळी नाही?' आणि त्याखाली, समासात, उलट्या बाजूला, पाकिटाच्या आतल्या कडेला निळी अक्षरं. प्रत्येक ओळीच्या आधी एक छोटी आडवी रेघ.

त्या रेघा पाहून तिचा हात थांबला. पत्रा कापायच्या आधी त्यावर माप घेताना कारागीर जशी खूण करतो, तशी ती रेघ होती. चौतीस वर्षं बसच्या बॉड्या बांधणारा एक माणूस वाण्याची यादीसुद्धा तशीच लिहायचा. ते तिचे वडील होते. अण्णा.

तिनं वाचलं.

'सिंधू, नाही ऐकलं गं. टीव्ही लावला नव्हता, तुला खोटं वाटेल. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा असं सांगून तू न्हाणीत गेलीस. मला शिट्टी ऐकू येत नाही म्हणून तिच्याकडं बघत उभा होतो. वर उडताना दिसते ती. नजर काढली असती तर चुकली असती.'

दुसऱ्या पत्रावर, 'हाक मारणारं माणूस दुसऱ्यांदा हाक मारेलच असं नाही' या ओळीखाली लिहिलं होतं, 'तू पुष्कळदा मारलीस असं पद्माताई म्हणतात. वरच्या मजल्यावर ऐकू गेलं त्यांना.'

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. न्हाणीघरात पाय घसरला, डोक्याला लागलं, आणि दाराच्या अलीकडे दहा पावलांवर अण्णा कुकरकडे बघत उभे होते. पत्रे ठोकून ठोकून त्यांचे कान कधीच गेले होते. 'तुमची काही चूक नव्हती,' असं सगळ्यांनी सांगितलं. रेवतीनं तर दर खेपेला सांगितलं. पहिलं वर्षभर ते दाढी करत नसत. मग गेल्या वर्षी अचानक सावरले. इस्त्रीचा शर्ट घालू लागले, सकाळी अंघोळ करून जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसू लागले. ती एक रविवार आड त्यांच्याकडे विट्याला जाई आणि मनाशी म्हणे, चला, काळ हेच औषध.

ते पोस्टमनची वाट बघत होते.

एकतीस पत्रं तिनं एका बैठकीत वाचली. ओळीला ओळ लावली की दिसत होतं, आधी लेखनिकानं 'गिऱ्हाईक' लिहिलं, मग 'माणूस', मग 'घरचं माणूस', मग 'हाक'. अंगठा जिथे ओला झाला तिथे तो पुढच्या खेपेस एक पाऊल आत शिरला होता. आणि प्रत्येक पावलाखाली हिरव्या चौकोनात लिहिलेलं होतं, 'मंजूर. रे. कुरणे.'

हेरवाड्यांच्या खोलीत ती उभ्यानंच बोलली. ऐकून ते खरोखर हळहळले. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? घरातलं नाव काढायची सोय आहे की आपल्याकडं. आत्ता काढा."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं काय?"

"त्यांचेही कुणीतरी…"

हेरवाड्यांनी चष्मा काढून पुसला. "रेवतीताई, साधी पत्रं पाठवून बघितलीयत आपण. शंभरात सत्तर परत येतात. सत्तरला परवाना जातो. परवाना गेला की ही अडीचशे माणसं घरी आणि पुन्हा तो जुना चकचकीत कागद नदीत. तुम्ही सांगा, काय करू?"

ती आपल्या टेबलाशी परत आली. तिनं अण्णांचं नाव काढलं. बाकीची यादी तशीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवा गठ्ठा मंजूर केला.

तीन आठवड्यांनी विट्याहून पद्माताईंचा फोन आला. अण्णांच्या बरोबर वरच्या मजल्यावर त्या राहत.

"रेवती, येऊन जा गं. लोक फार बोलायला लागलेत. अण्णा परतपेटीतली पत्रं काढतात. दुसऱ्यांची. काल स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पेटीच उघडली. बिजागरी सोडवून नीट बाजूला ठेवलेली, स्क्रूसुद्धा ओळीनं मांडून. आता चोर तरी कसं म्हणायचं? पण लोकांची खाजगी पत्रं आहेत ना ती."

ती गेली तेव्हा अण्णा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. समोर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नावाची सात-आठ पाकिटं उघडून पसरलेली. ती डाव्या कानाशी वाकली. त्या कानानं, ओरडलं तर, थोडं ऐकू येई. कानाचं यंत्र त्यांनी कधी घेतलं नव्हतं. आता काय ऐकायचंय, म्हणत.

"अण्णा, ही कुणाची पत्रं?"

"यांच्यात नाही ते," अण्णा म्हणाले. "ही सगळी दुसऱ्यांना विचारलेली आहेत. माझं बंद झालं. कुणी सांगत नाही का झालं ते."

"मी बंद केलं."

"हं?"

तिला ओरडावं लागलं. "मी बंद केलं, अण्णा! ती पत्रं माझ्या ऑफिसातून येत होती!"

वरच्या मजल्यावर चालण्याचा आवाज थांबला. पद्माताईंना ऐकू गेलं असणार.

अण्णांनी मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "कोण लिहायचं ती?"

"कुणी नाही. यंत्र आहे ते."

"असं कसं? त्याला माहीत होतं."

"काही माहीत नव्हतं त्याला!"

"रेवा, मी खुळा नाही झालो. सिंधू लिहिते असं म्हणत नाही मी. पण लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. तुम्ही सगळी मला म्हणता, तुमची चूक नाही. संपलं, पुढं बोलायलाच नको. एवढं एकच होतं, जे विचारायचं. ऐकलंत का, म्हणून. कुणी विचारलं तर सांगता येतं माणसाला."

तिनं तिथेच थांबायला हवं होतं. पण तिला वाटलं, भ्रम तोडला की माणूस मोकळा होतो. ती त्यांच्यापुढे बसली, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि ओरडून ओरडून, एकेक वाक्य दोन-दोनदा म्हणत तिनं सगळं सांगितलं. कागदातला तंतू, घाम, ओला झालेला शब्द. "तुमच्या या अंगठ्याला घाम आला, म्हणून त्यानं 'हाक' लिहिलं. उद्या 'भोपळा' या शब्दावर घाम आला असता तर भोपळा लिहिला असता! कळलं का, अण्णा?"

अण्णांनी हात सोडवून घेतला आणि आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मग मी लिहायचो ते?"

"शिजायचं. लगदा व्हायचा त्याचा."

"कुणी वाचलं नाही."

खोटं बोलणं सोपं होतं. "मी वाचलं," ती म्हणाली.

"किती?"

"सगळं. एकतीस."

"ते तुला नव्हतं लिहिलेलं," अण्णा म्हणाले. आवाज चढला नाही, रडवेलाही झाला नाही. मग त्यांनी विचारलं, "यंत्रानं लिहिलं, ते ठीक. पण पाठवा म्हणून कोण म्हणायचं?"

ती पाकिटांकडे बघू लागली. त्यांनी तिच्या ओठांकडे बघत पुन्हा विचारलं.

"मी," ती म्हणाली. या वेळी ती ओरडली नव्हती. तरी त्यांना कळलं.

अण्णांनी पसरलेली पाकिटं गोळा केली, कडा जुळवून एकावर एक लावली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "ज्याची त्याला दे. पेटी मी नीट करून देतो. आणि माझं चालू कर परत."

"अण्णा, कशाला पण?"

"चालू कर म्हणालो ना."

तिनं चालू केलं. पुढचं पत्र आलं तेव्हा ते पहिल्या वीसांत होतं. लेखनिक मध्ये गेलेला वेळ भरून काढायच्या घाईत असल्यासारखा कड्याकुलपांच्या जाहिरातीत लिहून बसला होता, 'दार तोडायला तुम्हाला किती वेळ लागला असता, मोजलंय कधी?' रेवतीनं ती ओळ पाच वेळा वाचली. नामंजूर केली असती तर लेखनिकानं दुसरी लिहिली असती, आणि अण्णांनी तर मागितलं होतं. तिनं मंजूर केली.

तिसऱ्या दिवशी कागद परत आला. तिनं कुंडली काढून पाहिली. पत्र उघडून हातात धरलं होतं नऊ सेकंद. अंगठा वरच्या कोपऱ्यातून हलला नव्हता. ओल नाही. लिहिलेलं एक अक्षर नाही. दुसऱ्या पत्राचं तेच. तिसऱ्याची तर नुसतीच घडी मोडून पुन्हा घातलेली. घामानं काय होतं ते आता त्या अंगठ्याला ठाऊक झालं होतं.

चौथ्यांदा चारशे एकोणीस यादीत आलाच नाही. लेखनिकानं आपण होऊन शेरा मारला होता, 'निष्फळ. कागद वाचवावा.' एकदा निष्फळ ठरलेल्या माणसाला पुन्हा पत्र पाठवणं म्हणजे कागदाची नासाडी, आणि नासाडीला कायद्यात माफी नव्हती. हेरवाडे म्हणाले, "सुटलात बघा. आपोआप मिटलं." त्या दिवशीच्या गठ्ठ्यात सातव्या क्रमांकावर कपाटाच्या कारखान्याचं पत्र होतं, कुठल्याशा वाचकाला 'बाळ' या शब्दावर अडलेलं पाहून लिहिलेलं. 'ती खोली अजून तशीच रिकामी आहे ना?' रेवतीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. नदी तिथून दिसत नसे. तिनं मंजूर केलं आणि आठव्याकडे वळली.

रविवारी ती विट्याला गेली. परतपेटी जाग्यावर होती, नवी बिजागरी, हिरवा रंगही ताजा. खिडकीतून तिला येताना पाहून दार अण्णांनीच उघडलं. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री.

"या," ते म्हणाले.

तिला वाटलं मागे कुणी आहे. तिनं वळून पाहिलं. जिना रिकामा होता.

"या ना, बसा. उन्हातून आलात. चहा घ्याल ना तुम्ही?"

तिच्या हातात भाजीची पिशवी होती, ती तशीच राहिली. अण्णा स्वयंपाकघरात गेले. पाहुण्यांसाठीची कपबशी कपाटातून काढताना खणखणली. त्यांनी चहा आणला, बशीत दोन बिस्किटं ठेवली, समोरच्या खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून बसले आणि अगदी मायेनं विचारलं, "तुमच्या ऑफिसात कसं, सगळं ठीक?"

"अण्णा, मला तू म्हणा," ती म्हणाली. मग उठून त्यांच्या डाव्या कानाशी गेली आणि जोरात म्हणाली, "अण्णा! मी रेवा!"

त्यांनी मान जराशी बाजूला घेतली. अनोळखी बाई फार जवळ आली की सभ्य माणूस घेतो तशी.

"मला ऐकायला कमी येतं," ते म्हणाले. "पण तुम्हाला माहीतच असेल ते. तुमच्याकडं सगळ्यांचं असतं ना लिहिलेलं."